बघ्यांचा फड

ऑगस्टमधला सोमवार, सकाळचे साडेसहा. ही आमच्या घरात दुधाची वेळ. पातेलं गॅसवर, मी ओट्याशी, एका हातात वर्तमानपत्र आणि एक डोळा सायीवर, हा गेल्या वीस वर्षांचा शिरस्ता. त्या दिवशी हॉलमधून भाचा ओरडला, "गेला! गेला! गेला!" आमच्या वयाला भल्या सकाळी कोणी तीनदा 'गेला' म्हटलं की नात्यातली आजारी नावं झरझर डोळ्यांपुढून सरकतात. मी धावलो. दूध मागे राहिलं आणि थोड्या वेळाने तेही गेलं.

हॉलमध्ये कोणीच गेलं नव्हतं. टीव्हीवर टीशर्ट घातलेली दोन मुलं एकाच बाकावर बसवल्यासारखी शेजारी शेजारी बसली होती. चेहरे सीएच्या पेपरला बसल्यासारखे. त्यांच्या वरच्या मोठ्या चौकटीत दोन रंगीबेरंगी पहिलवान एकमेकांना हवेत उडवत होते. आणि कोपऱ्यात लाल टिंबाशेजारी एक आकडा सारखा बदलत होता. एक लाखाच्या वर.

"एवढे लोक खेळतायत?" मी विचारलं.

"नाही रे मामा. खेळतायत दोघंच. एवढे बघतायत."

इथे माझी भीड चेपली. खेळ मला कळत नव्हता, पण हे प्रमाण चांगलंच ओळखीचं होतं. रस्त्यात जेसीबी एक, चालवणारा एक, आणि खड्ड्याच्या कडेला हात मागे बांधून उभे असलेले पस्तीस. पंक्चर चाक बदलणारा एक आणि 'पाना उलटा धरलाय' सांगणारे सात. या पस्तीस आणि सात लोकांसाठी मराठीत फार जुना शब्द आहे: बघ्या. आजवर त्याची मोजदाद कोणी केली नव्हती. पोलीस 'बघ्यांची गर्दी पांगवली' एवढीच नोंद करत. आता जगातल्या कुठल्याही मारामारीशेजारी लाल टिंब लावून बघे डोक्यागणिक मोजले जातात, आणि आकडा वाढला की आयोजक पेढे वाटतात.

भाच्याने दयाळूपणे माहिती पुरवली. हे इव्हो. लास व्हेगासला भरतं. म्हणजे फायटिंग गेम्सची पंढरी. स्ट्रीट फायटर, टेकन वगैरे खेळांतले जगभरातले पठ्ठे इथे येतात. लास व्हेगास उन्हाळ्यात आपल्या साडेबारा तास मागे असतं, त्यामुळे तिथली रविवार संध्याकाळची फायनल आपल्याकडे सोमवारी सकाळी, म्हणजे दुधावर येते. तिकडे लोक हातात बियर घेऊन बघतात; इकडे भाचा हातात दात घासायचा ब्रश घेऊन बघत होता. ब्रशवरची पेस्ट वाळून कडक झाली होती.

याची सुरुवात १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या सनीवेल गावात झाली. 'बॅटल बाय द बे' असं नाव आणि खेळायला चाळीसेक जण. २००२ पासून त्याला इव्हो म्हणू लागले, २००५ मध्ये मुक्काम व्हेगासला हलला, आणि २०२३ मध्ये एकट्या स्ट्रीट फायटर सिक्ससाठी सात हजारांवर नावं आली. चाळीत चाळीस वर्गणीदारांनी बसवलेला गणपती पुढे 'राजा' होतो, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे नाव नोंदवायला कोणाचीही ओळख लागत नाही. तुम्ही फी भरा, या, आणि पहिल्याच फेरीत जगज्जेत्याच्या हातून मार खा. हिंदकेसरीशी हात मिळवायला तालमीत दहा वर्षं माती खावी लागते. इथे ती सोय काउंटरवर होते.

"आणि हा आत्ता गेला, तो घरी गेला?" मी विचारलं.

"हो. लूजर्समधून हरला ना. विनर्समधून हरला असता तर लूजर्समध्ये आला असता. लूजर्समधून जिंकत जिंकत कोणी ग्रँड फायनलला आला, तर त्याला दोनदा जिंकावं लागतं. समोरच्याने एकदाच."

माझ्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. बायको पुसायचं फडकं घेऊन ओट्याकडे जाता जाता म्हणाली, "एटीकेटी रे. एका विषयात उडाला तरी वर्ष वाया जात नाही. दुसऱ्यांदा उडाला की घरी." मुंबई विद्यापीठातून बाहेर पडलेल्या माणसाला डबल एलिमिनेशन समजायला याहून सोपी व्याख्या सापडायची नाही.

आता एक कबुली देतो. भाच्याला वाटत होतं की तो मामाला नव्या जगात नेतोय. प्रत्यक्षात मी या जगातला त्याच्यापेक्षा तीस वर्षं जुना रहिवासी आहे. १९९२-९३ च्या सुमारास डोंबिवली स्टेशनजवळ एका जिन्याखाली व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. आत तीन मशीन, एक पंखा आणि चाळीस मुलं. रुपयाला एक कॉइन. माझ्याकडे रुपया क्वचितच असायचा, त्यामुळे मी खेळलो कमी आणि मागे उभा राहिलो जास्त. पण या मागे उभं राहण्यालाही प्रतिष्ठा होती. तिथे पहिली रांग, दुसरी रांग, आणि स्टुलावर चढलेले अशी बाल्कनी होती. खेळणाऱ्याचं अर्धं लक्ष पडद्यावर आणि अर्धं आमच्या श्वासावर असे. "खाली बसून मार!" "उडी नको, उडी नको, अरे उडी मारली बघ गाढवाने!" असा सल्ल्याचा पाऊस चाले. सल्ला देणाऱ्यांपैकी निम्म्यांनी आयुष्यात मशीनचा दांडा हातात धरला नव्हता. मी त्या निम्म्यांत होतो.

त्यातल्या एका मशीनवर स्ट्रीट फायटर टू होतं. हातातून निळा गोळा सोडायचा डाव जपानीत 'हादोकेन' आहे, हे मला पुढे वीस वर्षांनी कळलं. आम्ही त्याला 'आडुगेन' म्हणायचो. शेजारच्या पार्लरमध्ये 'आरुगेट' म्हणत, आणि यावरून दोन पार्लरांत वैर होतं. दुसऱ्या मशीनवर 'मुस्तफा' होता. त्या खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स', पण पिवळी टोपी घातलेल्या मुस्तफाच्या लाथेवर मुलं एवढी खूश होती की अख्ख्या देशाने परस्पर त्याचं बारसं करून टाकलं.

स्ट्रीट फायटरमध्ये एक भारतीयही होता: धालसिम. योगी, गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून जाळ, आणि हातपाय रबरासारखे लांबणारे. त्याचा आखाडा हत्तींनी भरलेला. जपान्यांना भारत म्हणजे काय वाटतं, हे तिथे एका नजरेत कळायचं. पुढे समजलं की त्याच्या मुलाचं नाव दत्ता आहे. तेव्हापासून माझी खात्री आहे की हे कुटुंब मूळचं नरसोबाच्या वाडीकडचं असणार आणि पत्ता लिहून घेताना कंपनीचा काहीतरी घोटाळा झाला असणार. तरीही आमच्या पार्लरमध्ये धालसिम कोणी घेत नसे. तो फार सावकाश चाले. देशाभिमान ठीक आहे, पण रुपया आपला होता.

तर मागे उभा राहणारा तो मुलगा, दुसऱ्या रांगेतला, बिनकॉइनचा, आता पन्नाशीत सोफ्यावर बसून तेच करत होता. मधल्या काळात एवढंच झालं की त्याच्या शेजारी आणखी एक लाख बिनकॉइनवाले येऊन उभे राहिले.

हे लाखभर बघे नुसते बघत नाहीत, पडद्याच्या उजव्या पट्टीत लिहीतही असतात. त्याला चॅट म्हणतात. मी चष्मा बदलून ते वाचायचा प्रयत्न केला. गर्दीच्या वेळी दादर स्टेशनच्या पुलावर उभं राहून प्रत्येकाचा चेहरा लक्षात ठेवा म्हणावं, तसा तो अनुभव होता. ओळ दिसली न दिसली तोच वर सरकते. पण जे काही हाती लागलं त्यावरून सांगतो, मजकूर जिन्याखालचाच होता. "काय खेळतोय!" "झोपला काय?" "माझी आजी याच्यापेक्षा बरी खेळते." भाषा इंग्रजी, कोरियन, जपानी, पोर्तुगीज, आजी मात्र सगळ्यांची सारखीच कुशल.

जिथे शब्द कमी पडतात तिथे चेहरे टाकतात. ट्विच नावाच्या ज्या मंचावर हे बहुतेक चालतं, तिथला 'कप्पा' हा सर्वांत प्रसिद्ध. कंपनीतल्याच एका कर्मचाऱ्याचा करडा, किंचित हसरा फोटो. तो टाकला की 'मी हे मनापासून म्हणत नाहीये' असा अर्थ होतो. पुण्यात यासाठी फोटोची गरज लागत नाही, 'वा!' म्हणायची एक ठरावीक पद्धत आहे. आश्चर्याने थक्क झाल्याचा जो चेहरा होता, 'पॉगचँप', तो तर एका स्ट्रीट फायटर खेळाडूचाच. त्याने २०२१ च्या जानेवारीत अमेरिकी संसदेवर झालेल्या हल्ल्यानंतर भडक काहीतरी लिहिलं, आणि ट्विचने त्याचा चेहरा काढून घेतला. म्हणजे जगाने थक्क व्हायचं तरी कोणाचं तोंड करून, असा पेच पडला. माणसाची नोकरी गेलेली, पद गेलेलं ऐकलं होतं. चेहरा गेलेला हा पहिलाच.

या ट्विचचं मूळही बघेगिरीतच आहे. २००७ साली जस्टिन कान नावाच्या गृहस्थाने टोपीला कॅमेरा लावला आणि आपलं चोवीस तासांचं आयुष्य थेट दाखवायला सुरुवात केली. आमच्या समोरच्या बाल्कनीतल्या काकू हे काम कॅमेऱ्याशिवाय आणि दुसऱ्यांच्या आयुष्याबाबत कित्येक वर्षं करतायत, पण त्यांना गुंतवणूकदार मिळाला नाही. जस्टिनला मिळाला. त्याच्या आयुष्यापेक्षा लोकांना दुसऱ्यांचे खेळ बघण्यात जास्त रस आहे हे लक्षात आल्यावर २०११ मध्ये ट्विच वेगळं झालं, आणि २०१४ मध्ये ॲमेझॉनने ते सुमारे ९७ कोटी डॉलरला घेतलं. बघ्याची किंमत बाजारात पहिल्यांदा ठरली ती अशी.

फायटिंग गेमच्या दुनियेत या घरबसल्या बघ्याला फार नेमकं नाव आहे: 'स्ट्रीम मॉन्स्टर'. स्ट्रीमवरचा राक्षस. तो स्पर्धेला येत नाही, फी भरत नाही, हरत नाही, म्हणून जिंकणाऱ्यांच्या चुका त्याला स्वच्छ दिसतात. नाव अर्थातच टिंगलीचं. पण या राक्षसांनी ते टिंगलीचं नाव मेडलसारखं छातीवर लावून घेतलंय.

राक्षसाच्या सल्ल्यातली मेख ऐका. हे खेळ सेकंदाला साठ चित्रांनी चालतात. एका चित्राला फ्रेम म्हणतात, आणि 'तीन फ्रेमचा ठोसा', 'पाच फ्रेमचा उशीर' अशा भाषेत ही मुलं बोलतात. म्हणजे एका सेकंदाच्या साठाव्या हिश्शावर तिथे भांडण असतं. आणि व्हेगासमध्ये पडलेला ठोसा आमच्या हॉलमध्ये पोहोचतो तो मध्ये काही सेकंद घालवून. राक्षस तो बघतो, विचार करतो, टाइप करतो, "ब्लॉक कर रे!" तोवर तिकडे पुढची फेरी लागलेली असते. शिवाय खेळाडू चॅट वाचतच नाही. म्हणजे उशिरा दिलेला, न मागितलेला आणि न पोहोचणारा सल्ला. मी पंचवीस वर्षं बाप आहे. असा सल्ला देण्याची मजा काय असते, ते मला विचारा.

या उशिराचा त्रास आपल्याला क्रिकेटने दिलेलाच आहे. मोबाइलवर मॅच बघत असताना बुमरा अजून धावत येत असतो आणि वरच्या मजल्यावर केबलवाल्यांकडे आरडाओरडा होतो. विकेट पडली हे आपल्याला छताकडून कळतं. भाच्याच्या बाबतीत ही सोय नाही. आमच्या सोसायटीत इव्हो बघणारा तो एकटाच. छत गप्प असतं, म्हणून तो मोबाइल उपडा ठेवतो. न जाणो, कोणी मित्र निकाल पाठवेल. फायनल संपेपर्यंत आईचा फोनही उचलत नाही. ताईला वाटतं मुलगा सकाळी उठून योगा करतो.

पण बघ्याची चेष्टा करताना मला कायम कोल्हापूर आठवतं. राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेत कुस्तीचं मैदान बांधलं, १९१२ मध्ये ते खुलं झालं. युरोपात रोमचं जुनं मैदान पाहून आलेला राजा. त्याने आखाडा मध्ये खाली ठेवला आणि चहूबाजूंनी चढती बैठक केली, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्यालाही मातीतला पट नीट दिसावा. पहिलवानांसाठी माती हवी हे कोणालाही सुचेल. बघ्यांसाठी चढ हवा हे सुचायला राजा लागतो. आणि ते मागे बसणारे काही कमी अधिकारी नसतात. दोन मल्ल नुसते खडाखडी करत राहिले की वरून आवाज येतो, 'कुस्ती लावा, निकाली करा!' हलगीवाला लय वाढवतो, निवेदक माइकवरून मल्लाची सात पिढ्यांची तालीम सांगतो. हे सगळं काढून घेतलं तर खाली दोन दमलेली माणसं एकमेकांच्या माना धरून उभी असतात.

इव्होतही निवेदक असतात. एक डाव समजावून सांगणारा, दुसरा नुसता ओरडणारा. भाचा म्हणाला, दुसराच जास्त महत्त्वाचा.

याची परीक्षा मी स्वतः घेतली. या खेळाच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला प्रसंग आहे २००४ सालचा, कॅलिफोर्नियात पोमोनाच्या विद्यापीठात भरलेल्या इव्होमधला. खेळ स्ट्रीट फायटर थ्री: थर्ड स्ट्राइक. लूजर्स फायनल. एकीकडे जपानचा दाइगो उमेहारा, पात्र केन. दुसरीकडे अमेरिकेचा जस्टिन वाँग, पात्र चुन-ली. शेवटच्या फेरीत दाइगोची रक्ताची पट्टी संपलेली. उरला होता सुईच्या टोकाएवढा ठिपका. आता या खेळात मोठा डाव नुसता अडवला तरी थोडं रक्त जातंच. म्हणजे बचाव केला तरी मरण. जस्टिन हे जाणून होता. त्याने चुन-लीचा सुपर सोडला: लाथांचा भडिमार, एकूण पंधरा.

वाचायचा मार्ग एकच. या खेळात मागे दांडा ओढला की बचाव होतो. पण लाथ लागायच्या अगदी क्षणी तो दांडा मागे न ओढता पुढे, लाथेच्या दिशेने टोचला, तर ती लाथ झटकली जाते आणि रक्त जात नाही. त्याला 'पॅरी' म्हणतात. सवड सेकंदाच्या छोट्याशा भागाएवढी. पहिली झटक तर सुपर सुरू व्हायच्या आत, अंदाजाने द्यावी लागते. दाइगोने पहिली झटकली. दुसरी झटकली. ताल धरल्यासारखा तो दांडा टोचत राहिला. सातवी, आठवी, बारावी. शेवटची तर त्याने उडी मारून हवेत झटकली, आणि खाली येता येता उलटा डाव टाकून जस्टिनला आडवा केला.

हे मी मोबाइलवर, बायको झोपलेली म्हणून आवाज बंद ठेवून पाहिलं. खरं सांगतो, काही वाटलं नाही. एक चित्र लाथा मारतंय, दुसरं निळसर चमकतंय. ठीक आहे. मग हेडफोन लावले. सुरुवातीला मागे कोणीतरी एकटाच ओरडतो, "लेट्स गो, जस्टिन!" पाठोपाठ शांतता. तिसऱ्या-चौथ्या झटक्याला लोकांच्या लक्षात येतं की हा काय करतोय, आणि मग जो कल्लोळ सुरू होतो तो थांबतच नाही. आवाज पायऱ्या चढत जातो, माणसं उभी राहतात, शेवटी तर शब्दच उरत नाहीत, नुसता एक मोठा 'आ'. माझ्या हातावर काटा आला. मला थर्ड स्ट्राइकमधलं काहीही कळत नाही. काटा त्या 'आ'चा होता.

तेव्हा स्ट्रीम नव्हतं. यूट्यूबही नव्हतं, ते २००५ चं. तरी ती फीत इकडून तिकडे फिरत जगभर गेली, आणि या खेळात हात न घालणाऱ्या लाखोंनी ती पाहिली. तिचं नाव 'इव्हो मोमेंट ३७'. आधीचे छत्तीस कोणते, असं मी भाच्याला विचारलं. नाहीतच. नाव देणाऱ्याने आकडा उगाच टाकला, म्हणजे लोकांना वाटावं की अशा चमत्कारांची इथे रांग लागलेली असते. आणखी एक गंमत: एवढं करून दाइगो पुढे ग्रँड फायनल हरला. त्या वर्षी कोण जिंकलं, हे मला बघावं लागलं: केओ नावाचा जपानी खेळाडू. विजेता यादीत आहे. 'आ' मात्र दाइगोच्या नावावर आहे. बघ्यांनी निकाल परस्पर लावला तो असा.

बघ्याची ही शक्ती उलटतेही. २०१५ च्या इव्होत गिल्टी गिअर या खेळात वोशिगे नावाच्या खेळाडूने एक फेरी जिंकली आणि त्याला वाटलं, सामना जिंकला. खुर्चीतून ताडकन उठला, गर्दीकडे वळला, आनंदाने हात उंचावले. गर्दीही क्षणभर खूश. इकडे मशीनने शांतपणे पुढची फेरी सुरू केली. समोरचा ओगावा बसलेलाच होता. त्याने उभ्या माणसाचं सोनं करून टाकलं. हे बघताना मला बेंगळुरू आठवलं. २३ मार्च २०१६, टी-ट्वेंटी विश्वचषक. शेवटच्या षटकात लागोपाठ दोन चौकार मारून बांगलादेशच्या मुशफिकुर रहीमने मूठ हवेत नाचवली. जिंकायला अजून दोन धावा हव्या होत्या. त्या आल्याच नाहीत. आपण एका धावेने जिंकलो. आमच्या आजीचं म्हणणं होतं की जेवण झाल्याशिवाय पाणी पिऊ नये. ती वोशिगेला भेटायला हवी होती.

मग कोणासाठी ओरडायचं, हाही प्रश्न असतो. इव्होच्या शेवटच्या आठांत भारतीय नाव मी अजून पाहिलेलं नाही. म्हणून भाच्याने शेजारधर्म पत्करलाय. टेकनमध्ये लाहोरचा अर्सलान ॲश हा त्याचा देव. २०१९ च्या फेब्रुवारीत हा मुलगा व्हिसा आणि विमानांच्या कटकटी पार करत जपानला फुकुओकात पोहोचला, तेव्हा बाहेरच्या जगाला तो फारसा ठाऊक नव्हता. इव्हो जपान जिंकून गेला. त्याच ऑगस्टमध्ये व्हेगासलाही जिंकला, अंतिम सामन्यात कोरियाच्या नावाजलेल्या 'नी'ला हरवून. आणि वर सांगता झाला की आमच्याकडे माझ्या तोडीचे आणखी आहेत. क्रिकेटमध्ये ज्या देशाचा झेल सुटला की आमच्या इमारतीत फटाके वाजतात, त्याच देशाच्या मुलासाठी सोमवारी सकाळी डोंबिवलीत एक ब्रश हवेत नाचतो. वरच्यांना कळलेलं नाही. कळवू नका.

आपला सहभाग अगदीच नाही असं नाही. २०२५ मध्ये सोनी कंपनीने इव्होतला आपला हिस्सा सोडला आणि तो घेतला गुरुग्रामच्या नॉडविन गेमिंगने. म्हणजे भारत इव्होच्या मालकांत जाऊन बसला. पहिलवान तयार व्हायच्या आधी आपण मांडव टाकायचं कंत्राट मिळवलं. हे आपल्या परंपरेला धरूनच आहे.

त्याच वर्षी बघ्यांच्या दुनियेत एक आकांतही झाला. स्ट्रीट फायटर काढणाऱ्या कॅपकॉमने जाहीर केलं की टोकियोच्या र्‍योगोकू कोकुगिकान या सुमो कुस्तीच्या सभागृहात होणाऱ्या कॅपकॉम कपची शेवटची लढत थेट बघायची तर पैसे मोजा. तोवर हे सगळं फुकट होतं. राक्षस खवळले. भाचाही खवळला. त्याचा जो आवाज चढला, तो मी याआधी फक्त एकदाच ऐकला होता: नाटकाचा पास देणाऱ्या मित्राने 'या खेपेला तिकीट काढशील का' विचारलं तेव्हा माझ्याच तोंडून. दोघांचाही मुद्दा एकच होता. आम्ही येतो, म्हणून तर हे चालतं! आमचेच पैसे मागता?

हा मुद्दा हास्यास्पद आहे, आणि मला आता वाटतं, बराचसा खराही आहे. मागे उभा असलेला तो बिनकॉइनचा मुलगा पार्लरवाल्याच्या गल्ल्यात काही टाकत नव्हता. पण एकदा परीक्षेच्या दिवसांत पार्लर ओस होतं. एक मुलगा एकटाच खेळत होता, मागे कोणी नव्हतं. त्याने शेवटच्या बॉसला मारलं, इकडे तिकडे बघितलं, आणि मशीनशी तोंड वाकडं करून निघून गेला. तो जिंकला होता, याला साक्षीदार नव्हता. दुसऱ्या दिवशी सांगूनही कोणी विश्वास ठेवला नाही. मीही नाही.

म्हणून मी आता ठरवलंय. इव्होची फायनल असेल त्या सोमवारी दूध रात्रीच तापवून ठेवायचं. तुम्हीही या. सकाळी साडेसहाला आमच्या हॉलचा दिवा लागलेला दिसला की बेल न वाजवता आत या, दार उघडंच असतं. खुर्च्या नाहीत, मागे उभं राहावं लागेल. खेळ कळला पाहिजे अशी अट नाही. चहा मिळेल. फक्त एक विनंती आहे: सल्ला देऊ नका. ते काम माझ्याकडे आहे.